तीसपैकी सातवं

दुकानात खुर्च्या तीन, आरसे तीन,
आणि आरशांसमोरच्या भिंतीवर, हीटरच्या वर,
एक छापचित्र. खाली पेन्सिलीनं ७/३०
आणि सही: ब्रायन्द्ल स.
पुढचं आडनाव वाफेनं कधीचं खाल्लं.

बाबांना ते उधारीपोटी मिळालं.
दोन हिवाळे त्यांनी तिच्या नवऱ्याचे केस कापले.
बोलायचा नाही तो. मान मात्र
ओळंबा सोडल्यासारखी सरळ.
मग एका जानेवारीत ती एकटीच आली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट काखेत धरून.
"पैसे नाहीत, आमादेउ. हे ठेव."
बाबा म्हणाले, भिंतीत खिळा आहेच.

चित्रात आमच्याच रस्त्यावरचं सिनेगॉग.
मॉन्ट्रियलच्या थंडीत, दोन घरांच्या मध्ये
कोपरं आवळून बसलेलं, विटांचं.
गोल खिडकी, तिची एक काच फळीनं बुजवलेली.
दारापुढे पाठमोरा माणूस फावडं घेऊन
बर्फ दोन्ही बाजूंना लोटतोय,
भावाभावांत वाटणी चालल्यासारखा.

पण सगळं उलटं.
लोखंडी जिना उजवीकडे हवा, तो डावीकडे.
मासेवाला फुर्तादो भलत्याच कोपऱ्यावर.
दारावरची हिब्रू अक्षरं तर
रुसून भिंतीकडे तोंड करून उभी.
मी तेव्हा केस झाडायचे, नऊ वर्षांची होते.
मला वाटायचं, बाईला चित्र येत नाही.

फाय्वेल ग्लेझर शुक्रवारी दुपारी यायचा,
मधल्याच खुर्चीत बसायचा.
गालाला साबण, गळ्याशी वस्तरा,
आणि एकदा अचानक त्याचे ओठ हलू लागले.
बाबांनी हात वरच्यावर थांबवला.
"काय झालं?"
"काही नाही. वाचतोय."

आरशात.
आरशात जिना आपल्या जागी होता,
फुर्तादो आपल्या जागी,
आणि अक्षरं तोंड वळवून
उजवीकडून डावीकडे निघाली होती, शहाण्यासारखी:
कापणाऱ्यांचं आणि शिवणाऱ्यांचं घर.

"त्यातले अर्धे आम्ही," बाबा म्हणाले
आणि वस्तरा पुन्हा चालू झाला.

ती म्हणे रस्त्यात स्टूल टाकून बसली होती,
हातमोज्यांची बोटं कापून.
सोमवारी कुलूप बदलायचं होतं.
दिसलं ते तसंच कोरत गेली जस्ताच्या पत्र्यावर.
पत्रा कागदावर पालथा पडतो,
एवढंही ठाऊक नव्हतं तिला? मी विचारलं.
फाय्वेलनं टॉवेलनं कान पुसले, एक, मग दुसरा.
"पोरी, शिंपी कापड उलट्या बाजूनंच शिवतो."

नंतर तिथे बटणांचं गोदाम झालं.
मग आमच्याच आझोर्सवाल्यांचा क्लब,
पत्ते, वाटाण्याचं सूप, वर्षातून एक मारामारी.
आता फ्लॅट आहेत. अक्षरांवर सिमेंट.
जिना तेवढा अजून बाहेर, अजून उजवीकडे.

काल वुडली आला, हैतीचा, नवा भाडेकरू.
केस कापता कापता एकदम ओरडला,
"ती खिडकी! ती माझ्या न्हाणीघराची!"
आणि चित्र बघायला गर्रकन वळला.
कानामागे कात्री लागता लागता राहिली.
वळू नकोस, म्हटलं, समोर बघ,
इथून बरोबर दिसतं.

तो बघत राहिला. मीही बघत राहिले,
चाळीस वर्षांत पहिल्यांदाच खिडकी सोडून, अक्षरं सोडून,
त्या फावडेवाल्याकडे.
टोपी खाली ओढलेली, कॉलर वर केलेली,
मधे दोन बोटं उघडी जागा.
चेहऱ्याचा पत्ता नाही.
पण न्हावी माणूस मानेवरून ओळखतो.

"कोण आहे तो?" वुडलीनं विचारलं.
"उधारी," मी म्हणाले.
"हलू नकोस."